पावसाळ्यात परत परत पेटणारा चेक इंजिनचा दिवा: कोड पुसण्याआधी काय तपासावं

जूनमध्ये दिवा पेटतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लागतो, दोषांचे तीन-चार कोड निघतात, ते पुसले जातात. गाडी आठवडाभर बरी चालते आणि दिवा पुन्हा पेटतो. मग एक सेन्सर बदलला जातो, मग दुसरा, आणि शेवटी ‘ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेलाय’ असं सांगितलं जातं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गाड्यांच्या बाबतीत हे दर वर्षी घडतं, आणि काढून टाकलेले बरेचसे सेन्सर प्रत्यक्षात धडधाकट असतात. दोष असतो तो अर्थिंगच्या (बॉडी आणि इंजिनमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेच्या) एखाद्या बोल्टखाली, नाहीतर कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) एखाद्या हिरव्या पडलेल्या पिनवर. तो शोधायला स्कॅनर हवाच, पण नुसत्या स्कॅनरने तो सापडत नाही. सोबत एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो आणि काम ठरावीक क्रमाने करावं लागतं.

खाली लिहिलेलं २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना लागू पडतं, आणि त्याआधीच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटवाल्या (स्कॅनर लावायची जागा) बीएस-४ गाड्यांनाही. डीपीएफ (डिझेलच्या धुराची गाळणी) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे कोड हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

किनाऱ्यावर हे जास्त का होतं

खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ कपलरच्या रबर सीलवर, थिंबलच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) फटीत, वायरच्या कापलेल्या टोकावर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते यामुळेच. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वर असते. म्हणजे कपलरवर पाऊस थेट पडला नाही तरी पिनांमध्ये वीज वाहून नेणारा ओला थर तयार असतो. तो दोन पिनांमधून थोडी वीज गळू देतो आणि हळूहळू धातू खातो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गळती थांबते, दिवा विझतो आणि मालकाला वाटतं गाडी आपोआप सुधारली. खाल्लेला धातू मात्र परत येत नाही. पुढच्या जूनमध्ये तोच कोड आणखी लवकर येतो.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला अशा फेरीबोटीतून रोज ये-जा करणाऱ्या गाड्या, किनाऱ्यावर वाळूत उतरवलेल्या गाड्या आणि बर्फातली मासळी वाहणारे पिकअप यांना हा त्रास सगळ्यात लवकर होतो. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून सरळ चॅसिसवर गळतं. तिथे चॅसिसचं अर्थिंग तपासल्याशिवाय दुसरं काही करूच नये.

स्कॅनर लावल्यावर आधी काय लिहून घ्यायचं

कोड पुसणं हे शेवटचं काम, पहिलं नव्हे. पुसताना फक्त कोड जात नाही. त्यासोबत फ्रीझ फ्रेम जाते, फ्युएल ट्रिमची (ईसीएम इंधनात करतो त्या कमी-जास्तीची) शिकलेली मूल्यं बहुतेक गाड्यांत शून्यावर येतात आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या चाचण्यांची नोंद) पुन्हा ‘अपूर्ण’ होतात. म्हणजे दोष शोधण्याचा सगळा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून आधी मोबाईलवर स्क्रीनचे फोटो काढा: साठवलेले कोड, पेंडिंग कोड (दोष दिसला पण दिवा अजून पेटला नाही असे), प्रत्येक कोडची फ्रीझ फ्रेम, आणि ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ही नोंद दिसत असेल तर तीही. ही शेवटची नोंद फार कामाची. मागच्या वेळी पुसल्यापासून गाडी ४० किलोमीटर चालली की ९००, यावरून दोष कायमचा आहे की येतो-जातो ते कळतं.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनची स्थिती. कूलंटचं तापमान २८ अंश आणि आरपीएम २०० असेल तर दोष सकाळी सेल्फ मारताना आला. अशा वेळी आधी बॅटरी आणि अर्थिंगवर संशय घ्यावा. तापमान ९०, वेग ६० असेल तर गाडी तापल्यावर, खड्ड्यातून जाताना वगैरे आला. तिथे सैल पिन किंवा घासलेली वायर शोधायची.

स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर कोड आणि लाइव्ह डेटा वाचायला पुरतो, पण नकली चिप असलेले अडॅप्टर काही गाड्यांशी बोलतच नाहीत किंवा मध्येच तुटतात. ‘गाडी कनेक्ट होत नाही’ म्हणजे ईसीएम मेला असं त्यावरून कधीही ठरवू नका. आधी तोच अडॅप्टर दुसऱ्या गाडीत लावून पाहा. एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोल यांचे कोड वाचायला मात्र सगळ्या मॉड्युलपर्यंत (गाडीतल्या छोट्या संगणकांपर्यंत) पोहोचणारा गॅरेजचा स्कॅनर लागतो. आणि अडॅप्टर सॉकेटमध्ये कायमचा खोचून ठेवू नये. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही १२ व्होल्ट असतात, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

कोड कसे वाचायचे

कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०११३ म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त येतंय, एवढंच. त्यात सेन्सर, त्याचा कपलर, दोन वायरी, ईसीएमची पिन हे सगळं आलं.

एकच कोड आला तर त्या सर्किटकडे जा. तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड एकदम आले तर त्यातल्या एकाही सेन्सरला हात लावू नका. कॅमचा पी०३४०, हवेच्या तापमानाचा पी०११३ आणि थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) पी०१२२ एकाच दिवशी आले, तर तीन सेन्सर एकाच दिवशी मेले असं होत नाही. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: एकच अर्थ, एकच ५ व्होल्टची लाइन, एकच फ्यूज, एकच कपलर. वायरिंगचा नकाशा हाताशी असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे.

कोडच्या यादीत पी०५६२ असेल, म्हणजे व्होल्टेज कमी, तर तो सगळ्यात आधी सोडवायचा. तसंच यू अक्षराने सुरू होणारे कोड, उदाहरणार्थ यू०१००, हे एका मॉड्युलला दुसऱ्याचा आवाज ऐकू न आल्याचे असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की ते ढिगाने येतात. मे महिन्यात उभी केलेली गाडी गणपतीत सुरू केली की असे आठ-दहा कोड निघतात, आणि त्यातले बहुतेक नुसत्या उतरलेल्या बॅटरीचे असतात. बंद गाडीही साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतेच. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याने महिनाभरात तळाला जाते.

बॅटरी आणि ईसीएमला मिळणारं व्होल्टेज

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीएमच्या हुकमावर चालतो, त्यामुळे तिथे आकडा थोडा खाली-वर होणं दोष नाही.

आता एक सोपी तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर फुल. मीटरने बॅटरीच्या दोन पोलांवर व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ‘कंट्रोल मॉड्युल व्होल्टेज’ बघा. दोन्हींत ०.१-०.२ चा फरक चालतो. मीटर १४.१ दाखवतोय आणि स्कॅनर १३.३, तर ०.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवतायत. ईसीएमला हात न लावता, एक स्क्रू न उघडता तुम्हाला कळलं की दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये आहे.

अर्थिंग: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

अर्थिंग ओहमवर मोजू नका. पन्नास तारांच्या केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्याच्या जवळ दाखवतो, कारण मीटर त्यातून नगण्य करंट सोडतो. छोट्या गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपिअर घेतो. जोडावर फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तरी १५० गुणिले ०.०१ म्हणजे १.५ व्होल्ट तिथे खाल्ले जातात, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसत नाही; त्याच्या वायरींचाच अडथळा त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून चालू करंटमध्ये व्होल्टेज ड्रॉप मोजायचा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे शिशाच्या खुंट्यावरच धरा, क्लॅम्पवर नको. लाल वायर इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे गाडी सुरू होणार नाही, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हात आणि मीटरच्या वायरी बेल्ट आणि पंख्यापासून लांब. दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या आत आकडा आला तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर इंजिनचं अर्थिंग खराब आहे, पुढची चर्चा नको. नेमकी जागा हवी असेल तर लाल वायर टप्प्याटप्प्याने सरकवा: आधी क्लॅम्प, मग केबल बॉडीला जोडली आहे तो बोल्ट, मग बॉडी, मग इंजिन. आकडा जिथे उडी मारतो त्याच जोडात दोष.

पुढचं मोजमाप बॉडीचं. फ्यूज परत लावा, इंजिन चालू करा, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू. काळी वायर पोलवर, लाल बॉडीच्या धातूवर. ०.१ च्या आत हवं. मग ईसीएमच्या कपलरमागून बारीक पिन सरकवून त्याच्या अर्थच्या पिनांवर मोजा, तिथेही ०.१ च्या आत. या पिनांवर ०.३-०.४ व्होल्ट दिसत असतील तर इंजिनवरून थेट अर्थ घेणाऱ्या सेन्सरचं माप तेवढ्याने चुकतं, कारण ईसीएम सगळी मोजणी स्वतःच्या अर्थपासून करतो. इंजिनची जाड पट्टी निकामी झाली की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, कधी गिअरची केबल, कधी सेन्सरच्या बारीक वायरी. या वायरी आतून भाजतात आणि मग वायरिंगचा मोठा खर्च निघतो.

वायरच्या आवरणाला टाचणीने भोक पाडून मोजायची सवय सोडा. दुसरीकडे ती खपून जाते. इथे त्या भोकातून खारी हवा आत शिरते आणि वर्षभरात तार काळी पडते.

दुरुस्तीच्या वेळी आधी बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा. अर्थिंगचा बोल्ट, बहुतेक वेळा १० नंबरच्या पान्याचा, पूर्ण बाहेर काढा. नुसतं वरून घट्ट करून उपयोग नाही. खाली काय दिसतं ते नीट बघा: थिंबलवर हिरवं म्हणजे तांबं गेलंय, अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनावर पांढरी भुकटी म्हणजे तिथे ऑक्साइडचा थर आहे, तांबडं म्हणजे बोल्ट किंवा बॉडीचं लोखंड. तिन्ही धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की खाण्याचा वेग वाढतो. थिंबलच्या दोन्ही बाजू, बॉडीवरची जागा आणि बोल्टचे आटे पॉलिश पेपरने चकचकीत करा. रंग थिंबलखाली राहू देऊ नका. धातूवर धातू बसवून बोल्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली किंवा बॅटरी टर्मिनलचा स्प्रे मारा. ग्रीस आधी थापून वर बोल्ट आवळणं ही उलटी पद्धत आहे.

विणलेली अर्थ पट्टी वाकवून बघा. आत हिरवी भुकटी पडत असेल किंवा तारा तुटत असतील तर ती साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला. मूळच्याइतकी किंवा जाड लवचीक तांब्याची केबल, छोट्या पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. टोकाला कथिल चढवलेली थिंबल, हत्याराने दाबून बसवलेली, आणि जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. जुनी घाण तशीच ठेवून शेजारी नवी वायर ओढायची पद्धत मला पटत नाही. जुना जोड आत खराब होतच राहतो.

कपलर

अर्थिंग सुधारल्यावर पुन्हा कोड आले तरच कपलर उघडायला घ्या, तेही फ्रीझ फ्रेमने दाखवलेल्या सर्किटचे. लॉक दाबून सरळ ओढा, वायरीला धरून नको. पिनांवर टॉर्च मारा. हिरवा ठिपका शक्यतो सतत १२ व्होल्ट असलेल्या पिनवर आधी दिसतो, कारण वीज असेल तिथे धातू लवकर खाल्ला जातो. पिनच्या मागे वायरचं आवरण एक सेंटिमीटर सोलून बघा. तार काळी असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तारेवर डाग (सोल्डर) धरत नाही.

साफसफाई कॉन्टॅक्ट क्लीनरने करा. गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे त्याची जागा घेऊ शकत नाही, त्याचा थर मागे राहतो. मादी पिन सैल झाली आहे का ते बघायला त्याच मापाची सुटी नर पिन आत घालून ओढा; हलका अडकाव जाणवला पाहिजे. नुसती घसरत असेल तर ती पिन बदलायची. सील फाटलं असेल तर नवं घालायचं. शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीस सीलच्या कडेवर पातळ लावा. कपलर ग्रीसने भरून टाकला तर तो नीट बसत नाही.

मग वायर हलवून बघा. इंजिन चालू, स्कॅनरवर त्या सेन्सरचा लाइव्ह आलेख, आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) एकेक वीत पुढे सरकत हलवत चला. आलेखात खाच पडली की हात तिथेच थांबवा.

पाच व्होल्टची लाइन

पी०६४१, पी०६४२ किंवा पी०६५१ आला, किंवा मॅप (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर), थ्रॉटल आणि अ‍ॅक्सिलरेटर पॅडलचे कोड एकदम आले, की ५ व्होल्टचा संदर्भ पुरवठा तपासा. चावी ऑन, इंजिन बंद, थ्रॉटलचा किंवा मॅपचा कपलर काढून ५ व्होल्टच्या पिनवर मोजा. ४.९ ते ५.१ हवेत. दोन-तीन व्होल्ट किंवा शून्य असेल तर मीटर तसाच लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सुटे करा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी.

इथे एक जागा हमखास विसरली जाते: पुढच्या बंपरमागे कंडेन्सरजवळ असलेला एसी प्रेशर सेन्सर. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या सेन्सरांसोबत याच ५ व्होल्टवर असतो. रस्त्यावरचं पाणी सगळ्यात आधी त्याच्यावर उडतं. तो आत शॉर्ट झाला की कोड येतात थ्रॉटलचे, गाडी पिकअप घेत नाही, आणि एसीचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

सेन्सर की वायर

तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरचा निकाल दोन मिनिटांत लागतो. कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० अंश दिसले पाहिजेत. कपलरच्या दोन पिना बारीक वायरने जोडल्या की आकडा शंभराच्या बराच वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम चांगले, सेन्सर खराब. काहीच हललं नाही तर सेन्सर विकत घेऊ नका. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी. तीन वायरींच्या सेन्सरवर पिना जोडू नका.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी चावी ऑन करून कूलंटचं आणि हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही एकमेकांच्या तीन-चार अंशांत असायला हवीत.

मॅप सेन्सरसाठी तर किनाऱ्यावर फुकटचं प्रमाण उपलब्ध आहे. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मालवण, रत्नागिरी, मुरूड अशा समुद्रसपाटीच्या ठिकाणी ९८ ते १०२ किलोपास्कल यायला हवेत. सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीत तोच सेन्सर ९३ च्या आसपास दाखवेल आणि ते बरोबरच आहे. किनाऱ्यावर ९३ दाखवत असेल तर मात्र तो चुकतोय. पेट्रोल गाडी रिकाम्या गिअरमध्ये चालू असताना साधारण ३० ते ४० दिसतात.

पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, आला तर फ्युएल ट्रिम दोनदा बघा: आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) आणि २५०० आरपीएमला. शॉर्ट (त्या क्षणाच्या) आणि लाँग (शिकलेल्या) ट्रिमची बेरीज आयडलला अधिक २० आणि २५०० ला जवळपास शून्य, तर इनटेकमध्ये हवा घुसतेय. उलट असेल, म्हणजे वेग वाढला की ट्रिम वाढतेय, तर पेट्रोलचा दाब किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. जांभ्याच्या धुळीत चालणाऱ्या गाड्यांत हा दुसरा प्रकार नेहमीचा. एअर फ्लो सेन्सरची तार त्याच्याच खास क्लीनरने धुवा, कापसाने पुसू नका.

मिसिंगचा पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर.

क्रँकचा पी०३३५ आणि गाडी सुरूच होत नाही, अशा वेळी सेल्फ मारताना स्कॅनरवरचा आरपीएम बघा. दीडशे-दोनशेच्या आसपास दिसला तर सिग्नल येतोय. शून्यच राहिला तर सेन्सरचा कपलर उघडा. तो खाली असतो, चिखल आणि खारं पाणी दोन्ही खातो.

स्कॅनर गाडीशी बोलतच नाही

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा काही क्षण तरी पेटतो का ते बघा. पेटतच नसेल तर ईसीएमला पुरवठाच नाही, म्हणून मेन रिले आणि फ्यूज बघा. पेटत असेल तर ओबीडी सॉकेट मोजा. १६ वर बॅटरीचं व्होल्टेज, ४ आणि ५ वर अर्थ. १६ मेली असेल तर फ्यूज. पुष्कळ गाड्यांत तो दुसऱ्या एखाद्या छोट्या वस्तूसोबत वाटून घेतलेला असतो.

हे बरोबर असेल तर बॅटरी सुटी करून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅन लाइनच्या (मॉड्युल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या जोडीच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात, म्हणून मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाची वाट तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत सॉकेट आणि कॅनमध्ये गेटवे मॉड्युल बसवलेलं असतं, तिथे हे माप लागू होत नाही.

सॉकेटमध्येच हिरवं दिसलं तर पाणी केबिनमध्ये येतंय. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजून निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी डॅशबोर्डमागे उतरतं. पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय सॉकेट साफ करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात उंदीरही बॉनेटमध्ये आसरा घेतात. कुरतडलेली वायर पीळ देऊन टेपने गुंडाळली तर पुढच्या पावसात तोच कोड येणार. डाग किंवा दाबून बसवलेला जोड, वर गोंदाची स्लीव्ह. आणि एक वायर सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण हार्नेस खालच्या बाजूने आरशात बघा.

ईसीएमवर संशय कधी घ्यायचा

ईसीएमच्या कपलरवर बॅटरीचा कायमचा पुरवठा, चावीचा पुरवठा, मेन रिलेचा पुरवठा आणि सगळे अर्थ तपासा, पण मीटरने नव्हे, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बने. जवळपास तुटलेली वायर मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, बल्ब मात्र मंद पेटतो. बल्बचं एक टोक पुरवठ्याच्या पिनवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्थ तपासताना दुसरं टोक पॉझिटिव्हवर. प्रत्येक वेळी तो पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. कपलर काढून ठेवूनच ही तपासणी करा आणि बल्ब फक्त पुरवठा आणि अर्थच्या पिनांवर लावा, सेन्सरच्या पिनांवर कधीही नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना आणि हायब्रिडच्या नारिंगी केबलना या सगळ्या कामात हात लावायचा नाही. डिझेलचा हाय प्रेशर पाइप चालू इंजिनवर सोडवायचा नाही.

बल्ब सगळीकडे पूर्ण पेटतोय, सगळे सेन्सर सुटे करूनही ५ व्होल्ट येत नाहीत, किंवा व्होल्टेज व्यवस्थित असतानाही पी०६०१, पी०६०५, पी०६०६ परत परत येतायत, तेव्हाच ईसीएम खराब म्हणा. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम नुसता बसवून गाडी सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखणार नाही, कोडिंग करावं लागतं. स्कॅनरमध्ये गाडीचा चॅसिस नंबर वाचून तो आपल्याच गाडीचा आहे का ते पाहा. ‘नवा’ म्हणून बसवलेला ईसीएम कुठून आला ते तिथे दिसतं.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी थंड इंजिनावर सुरू करा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि दिव्याची वाट न बघता पेंडिंग कोड वाचा. पुष्कळ दोष सलग दुसऱ्या फेरीत दिसले तरच दिवा पेटतो, पण पहिल्याच फेरीत ते पेंडिंगमध्ये नोंदले जातात. म्हणजे दिवा पेटण्याच्या एक दिवस आधी तुम्हाला कळतं. पेंडिंग रिकामा असेल तर दुरुस्त केलेल्या कपलरवर गोड्या पाण्याचा बारीक फवारा मारून इंजिन दहा मिनिटं चालवा आणि पुन्हा वाचा. मिठाच्या पाण्याचा फवारा मारू नका, ते मीठ तिथेच राहतं.

फेरीबोटीतून किंवा वाळूतून आल्यावर गाडीचं पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बॉनेटच्या आत मात्र प्रेशरचा पाइप नको; सीलमागे घुसलेलं पाणी बाहेर पडत नाही. मे महिना संपण्याआधी एकदा सेल्फ मारताना इंजिनच्या अर्थिंगचा ड्रॉप मोजून आकडा सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. मागच्या वर्षी ०.१२ होता आणि यंदा ०.३ झाला, तर बोल्ट आत्ताच उघडा.